आकाशी, पिस्ता आणि माझा जुना डोळा

संक्रांतीच्या आधी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली आणि मी पहिलं वाक्य बोलले ते डॉक्टरीणबाईंना, "तुमचा कोट निळा आहे का हो?"

त्या हसल्या. "पांढराच आहे. सगळेच हे विचारतात."

मी उजवा डोळा मिटला. कोट पिवळट झाला, चहा सांडून वाळावा तसा. मग डावा मिटून उजवा उघडला. कोट लख्ख, नीळ दिलेल्या धोतरासारखा. पुन्हा उजवा मिटला, पुन्हा डावा. खुर्चीवर बसल्या बसल्या माझा हा खेळ चालला होता, तेव्हा शेजारी उभे असलेले माझे यजमान हळूच म्हणाले, "अगं, लोक बघायलेत."

यजमानांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नाही, त्यामुळे इथंही ते 'हे'च राहतील. हे कोर्टात शिरस्तेदार होते. मी हैदराबादेत जामबागच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. आता दोघंही निवृत्त, नल्लकुंट्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकमेकांच्या चुका काढत बसलेले. भूगोलाचं मुद्दाम सांगते, कारण नकाशात समुद्र निळा रंगवला नाही म्हणून मी कित्येक मुलांचे मार्क कापलेत. आणि माझ्याच डोळ्यांतून निळा रंग कधी निघून गेला, ह्याचा मला पत्ता नव्हता. तो असा अचानक परत आला तेव्हा मला रिक्षात बसवेना. रस्त्यातला पाण्याचा टँकर निळा, औषधाच्या दुकानाची पाटी निळी, शाळेतल्या पोरींच्या रिबिनी निळ्या! "अहो, ते बघा," "अहो, हे बघा," असं मी घरापर्यंत करत आले. हे दर वेळी मान वळवून "हं, हं" म्हणत होते.

घरी आल्यावर तर मी लहान पोरीसारखी घरभर हिंडले. हळद बघितली, कोथिंबीर बघितली, देवापुढचं कुंकू बघितलं. स्वयंपाकघरातले डबे मी रोज घासून पुसून ठेवते असा माझा समज होता, तो नव्या डोळ्यानं खोटा ठरवला. आरशात बघितलं तर एक म्हातारी माझं मंगळसूत्र घालून उभी. तिचंही फार वाईट वाटलं नाही, इतकी मी खुशीत होते. संक्रांतीला काळा चष्मा लावून गच्चीवर गेले. आभाळभर पतंग, आणि खालच्या गल्लीतली पोरं ओरडायलेली. चष्मा क्षणभर वर करून मी ते आभाळ बघितलं आणि मला रडू आलं. इतकं निळं आभाळ माझ्या डोक्यावर रोज होतं आणि मी वाळत घातलेल्या पापडांकडे बघत होते.

मग गच्चीवरून खाली येऊन मी आमच्या झोपायच्या खोलीत शिरले आणि दारातच थबकले. भिंती! मी त्यांना आयुष्यभर मलई रंगाच्या म्हणत होते. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं तर त्याच्यामागे एक स्वच्छ चौकोन निघाला आणि बाकी भिंत त्याच्याभोवती तेलकट पिवळी.

"ही खोली रंगवायची," मी जाहीर केलं. "पाडव्याच्या आत."

"भिंतीला काय झालंय?" हे म्हणाले. "मला तर बरी दिसायली."

"तुम्हांला बरीच दिसणार," मी म्हटलं. "कावीळ झालेल्याला जग पिवळंच."

हे मी रागानं बोलले खरं, पण त्यात माझं सगळं दुखणं होतं. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माझ्यापेक्षा जुना, माझ्यापेक्षा पिकलेला. डॉक्टरीणबाईंनी माझ्या वेळीच ह्यांनाही तपासून सांगितलं होतं की आता थांबू नका. पण हे ऐकायला तयार नव्हते. ह्यांच्या थोरल्या भावाचा एक डोळा लहानपणापासून अधू होता, आणि दुसरा फार वर्षांपूर्वी गावाकडच्या एका शिबिरात ऑपरेशनमध्ये गेला होता. त्या भाऊजींना हात धरून बसपर्यंत नेणारे हेच. तेव्हापासून डोळ्याला चाकू लावायचा म्हटलं की हे विषय बदलायचे. सरळ 'नाही' म्हणायचे नाहीत. कोर्टात जन्म गेलेला माणूस, पुढची तारीख मागायचे. श्राद्धपक्ष झाल्यावर बघू, दिवाळी झाल्यावर बघू, तुझं होऊ दे मग बघू. माझं झालं, आता काय? "थंडी सरू दे," म्हणाले.

मला जगात दुसरं काही नको होतं. आभाळ मला परत मिळालं होतं आणि माझ्या शेजारी बसलेला माणूस अजून चहाच्या रंगाच्या जगात बसलेला होता, एवढंच मला खुपत होतं. माझ्या डाव्या डोळ्याची तारीख महिन्याभरानं होती. त्याआधी ह्यांना राजी करायचं असं मी मनाशी घेतलं होतं, पण कसं ते सुचत नव्हतं. तोवर रंग तर रंग.

रंगाच्या बाबतीत माझा ह्यांच्यावर गाढा विश्वास होता. ह्यांना बाकी कशाची पारख नाही. भाजी आणायला पाठवलं तर दोडकी निबर आणतील, नातेवाइकांत कुणाला काय बोलावं ते कळणार नाही. पण साडी! लग्न झाल्यापासून कोठीतल्या दुकानात गादीवर दहा साड्यांचा ढीग पडलेला असायचा, मी दोहोंत अडकलेली असायची, आणि हे मागच्या खुर्चीवरून बोट करून म्हणायचे, "ती घे." आणि ती नेमकी तीच असायची. एकदाही चुकले नाहीत. माझ्या मैत्रिणी हेवा करायच्या. त्यांचे नवरे दुकानाबाहेर उभे राहून घड्याळ बघायचे.

म्हणून ह्यांना घेऊनच मी कोठीला रंगाच्या दुकानात गेले. दुकानदारानं शेड कार्ड पुढ्यात टाकलं. एकट्या पांढऱ्याचे इतके प्रकार की आमच्या काळात सगळ्या रंगांचे मिळून नव्हते. माझा नवा डोळा पिसाटला. हा बघू की तो बघू! दुकानात गर्दी, मागे कुणीतरी पुट्टीच्या गोण्या उचलायलेलं, आणि मी कार्ड दारातल्या उजेडात नेते, आत आणते, पुन्हा नेते. शेवटी दोन रंगांवर आले. एक फिकट आकाशी, अगदी सकाळी सातच्या आभाळाचा. दुसरा फिकट पिस्ता, थंडगार. दोन्हींचे छोटे डबे घेतले. घरी भिंतीवर लावून बघायचे आणि मग मोठा डबा आणायचा, असं ठरलं.

रंगारी आमच्या ओळखीचा, बरकतपुऱ्याकडचा. त्यानं पलंगासमोरच्या भिंतीवर दोन चौकोन रंगवले. डावीकडे आकाशी, उजवीकडे पिस्ता. दोन दोन हात दिले, ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाला, "अम्मा, जल्दी बोल देना. रमजान लगने के पैले काम निपटा देतौं. रोजे में शिडी पे चढना नै होता."

"हौ, हौ," मी म्हटलं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

सकाळी उठल्याबरोबर मी ह्यांना भिंतीपुढे उभं केलं. "बघा बघा, हा आकाशी काय गोड दिसतोय! उन्हात जणू खिडकीच उघडली. आणि हा पिस्ता, हाही चांगला आहे, सोबर आहे."

ह्यांनी मान तिरकी केली. "आकाशी," म्हणाले.

मी टाळी वाजवली. माझ्या मनातलंच! पण संध्याकाळी दिवा लावला तर आकाशी जरा मरगळला आणि पिस्ता खुलला. मी पुन्हा हाक मारली. "अहो, आकाशी ठीकच आहे, पण हा पिस्ता बघा ना, दिव्यात कसा खुलला! मऊ वाटतो की नाही? मला तर वाटतं..."

"पिस्ताच बरा," हे म्हणाले.

"सकाळी आकाशी म्हणालात!"

"सकाळचं सकाळी."

असं पाच-सहा दिवस चाललं. हैदराबादच्याच दुसऱ्या टोकाला, त्या काचेच्या इमारतींकडे राहणारी आमची मुलगी रोज फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "आई, टुडे काय? ब्लू की ग्रीन?" मी तिला फोनमधून भिंत दाखवायची, ती म्हणायची, "दोन्ही सेम दिसतायत गं, नेटवर्क वीक आहे." मला राग यायचा. माझी भिंत आणि हिचं नेटवर्क. पण खरं सांगते, ते दिवस फार मजेत गेले. सकाळी डोळे उघडायची घाई व्हायची. इतक्या वर्षांत ह्या खोलीकडे कुणी इतकं बघितलं नसेल.

मग एका दुपारी ते घडलं. जेवण झाल्यावर मी उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले आणि तो मिटून पलंगावर आडवी झाले. डोक्याशी उशी, समोर भिंत. डावा डोळा उघडा होता. मी सहज भिंतीकडे बघितलं, आणि ताडकन उठून बसले.

एकच चौकोन होता. म्हणजे चौकोन दोनच होते, कडा दिसत होत्या, पण रंग एक. आकाशी नाही, पिस्ता नाही, दोन्हीकडे तोच मळकट, बेसनात पाणी जास्त झाल्यासारखा रंग. मला वाटलं, ह्या रंगाऱ्यानं येऊन चुकून दुसरा हात दिला की काय. थेंब गालावर ओघळले तरी मी उजवा डोळा उघडला. आकाशी आणि पिस्ता जागच्या जागी, एकमेकांपासून चांगले वेगळे. उजवा मिटला, दोन्ही एक. उघडला, दोन.

मी एकटीच खदखदून हसले. काय गंमत आहे, म्हटलं, आठवडाभर ज्या दोन रंगांवरून मी घर डोक्यावर घेतलं, ते माझ्याच डाव्या डोळ्याला एक आहेत! आणि हसता हसता एकदम गप्प झाले. माझा डावा डोळा अजून कच्चा आहे, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. ह्यांचे दोन्ही त्याच्यापेक्षा जुने. माझ्या कच्च्या डोळ्याला हे असं दिसत असेल, तर ह्यांना काय दिसतं? आणि मग सकाळी आकाशी आणि संध्याकाळी पिस्ता, हे बरोबर कसं सांगत होते?

मी बाहेर गेले. हे बाल्कनीत भिंग घेऊन पेपर वाचत होते. "जरा आत या," मी म्हटलं. भिंतीपुढे उभं केलं आणि एवढंच विचारलं, "कोणता?"

त्यापुढे एक अक्षर बोलले नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

ह्यांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "तू बोल की काहीतरी."

मी गप्प.

"गप का झालीस? बोल ना, तुझं काय म्हणणं आहे?"

मी गप्पच. हे दोन पावलं पुढे गेले. नाक भिंतीला लागेल इतके जवळ गेले. बोटानं एका चौकोनाची कड चाचपली, मग दुसऱ्याची. घसा खाकरला. "डावीकडचा," म्हणाले.

"काय रंग आहे तो?"

"काय म्हणजे? रंगासारखा रंग आहे."

हेही ओळखून होते की चोरी सापडली. "साक्षीदाराला असं कोंडीत पकडायचं नसतं," असं काहीसं पुटपुटत बाल्कनीत निघून गेले, आणि बराच वेळ पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला नाही.

मला काय करावं कळेना. पण संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं होतं, आणि मला पुन्हा तोच उत्साह चढला, पट्टी काढल्याच्या सकाळचा. माझ्याकडे एक गोष्ट होती जी डॉक्टरीणबाईंकडेही नव्हती, मुलीकडेही नव्हती. माझा एक डोळा अजून ह्यांच्या बाजूला होता.

चहा घेऊन मी बाल्कनीत ह्यांच्या समोर बसले आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"आता मी सांगते तुम्हांला काय दिसतं ते," म्हटलं. "ह्या कपातला चहा आणि कप ह्यांची कड एकमेकांत मिसळते. समोरच्या घराच्या दिव्याभोवती पिंजलेल्या कापसासारखं कडं असतं. उन्हातून घरात आलं की काही वेळ काहीच दिसत नाही, म्हणून तुम्ही दारात चप्पल काढायला इतका वेळ लावता. गाडीचा दिवा समोरून आला की रस्ता गायब होतो, म्हणून हल्ली संध्याकाळी तुम्हांला फिरायला जायचा कंटाळा येतो. कंटाळा नाही तो. आणि माझं तोंड तुम्हांला असं दिसतं, कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं."

ह्यांनी कप खाली ठेवला. कुणाला कधी सांगितलं नव्हतं ह्यांनी. मलाही नाही.

"तुला कसं माहीत?"

"मला रोज दिसतं. उजवा डोळा मिटला की मी तिथंच असते, तुमच्या शेजारी. पण माझी पुढच्या महिन्याची तारीख आहे. तेव्हा मी तिथून निघून जाईन. मग तुम्ही एकटे."

हे बोलून मी स्वतःच घाबरले, इतकं ते खरं होतं. हे रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दादाला पट्टी काढल्यावर मीच विचारलं होतं, दिसायलंय का. तो म्हणाला, दिवा लाव. भर दुपार होती."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, "भाऊजींचं झालं ते फार वाईट झालं. पण हा घ्या, हा माझा डोळा बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

ह्यांनी पेपरचं भिंग उचललं. मी चेहरा पुढे केला. हे भिंगातून माझ्या उजव्या डोळ्यात बघत होते, श्वास रोखून, जसे कोर्टातल्या जुन्या कागदावरचा शिक्का वाचायचे. समोरच्या बाल्कनीतल्या बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबल्या. मला हसू येत होतं पण मी हलले नाही.

"दुखलं होतं?" ह्यांनी विचारलं.

"नाही. भीती वाटली होती. मग संपलंच."

"तुझ्या त्या तारखेला माझं होईल?"

"होईल. माझी मी पुढं ढकलते. तुमचा एक होईपर्यंत मी माझा दुसरा करत नाही, तोवर मी इथंच."

"ही जबरदस्ती आहे."

"हौ," मी म्हटलं, "आहेच."

हे हसले. "तोवर ती भिंत तशीच राहू दे," म्हणाले. "निकाल राखून ठेव."

रंगारी मात्र वैतागला. "अम्मा, कायकू इत्ता सोचरै? दोनों ठंडे कलर हैं, कुच बी मार लो. पंद्रा दिन से दो डब्बे लगा के बैठे, लोगां क्या बोलेंगे?" मी त्याला सांगितलं की साहेबांना आधी बघायचंय. "तो देख लेते ना अब्बी," तो म्हणाला. त्याला काय सांगणार?

ऑपरेशनच्या दिवशी मुलगी गाडी घेऊन आली. ह्यांना आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसले. स्वतःच्या वेळी इतकी भीती वाटली नव्हती. मीच ह्यांना इथं ओढून आणलं होतं. काही झालं तर? भर दुपारी ह्यांनी मला दिवा लाव म्हटलं तर? मुलगी फोनवर काहीतरी दाखवत होती, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. हे बाहेर आले ते डोळ्यावर पट्टी आणि हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. "चहा मिळेल का?" म्हणाले. मला ह्यांना तिथंच मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, लोक होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. आता हे विचारणार, कोट निळा आहे का. हे काहीच बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, ह्यांनी मोजली. "छान," त्या म्हणाल्या. "छान," हेही म्हणाले आणि नमस्कार केला. माझा जीव खालीवर. दिसतंय का नीट? आवडलं नाही का?

गाडीत बसलो, काळा चष्मा चढवला, गाडी रस्त्याला लागली, आणि हे एकदम बोलायला लागले. दुकानांच्या पाट्या. एकेक पाटी मोठ्यानं वाचायला लागले. तेलुगू आली की तेलुगू, उर्दू आली की उर्दू, इंग्रजी आली की इंग्रजी. टायरचं दुकान, दाताचा दवाखाना, इराणी चहा, झेरॉक्स, लग्नपत्रिका, पुन्हा दाताचा दवाखाना. श्वास घेत नव्हते. सिग्नलला गाडी थांबली तर पुढच्या ट्रकच्या मागचं लिहिलेलंही वाचलं. ड्रायव्हिंग करता करता मुलगी ओरडली, "बाबा, बस करा ना, मला कॉन्सन्ट्रेट होईना!" मी मागच्या सीटवर हसत होते आणि रडत होते, दोन्ही.

घरी आल्यावर मी ह्यांना सरळ खोलीत नेलं. खिडक्या उघडल्या. चष्मा काढला. हे भिंतीपुढे उभे राहिले. मी काही बोलले नाही.

"अगं," हे म्हणाले. "हे दोन वेगळे आहेत!"

"मग? मी पंधरा दिवस काय सांगत होते?"

"नाही, पण हे चांगलेच वेगळे आहेत! हा निळा आहे. आणि हा... हा हिरवा. अगं, ह्यात काय तुलना करायची? हे तर दोन गावं झाली!"

ह्यांनी एक डोळा झाकला, दुसरा झाकला. मी माझा एक झाकला. मुलगी दारात उभी राहून आम्हां दोघांकडे बघत होती. "यू बोथ आर मॅड," म्हणाली आणि चहा करायला गेली.

मग मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलंच नाही. "खरं सांगा. दिसत नव्हतं तर इतके दिवस बरोबर कसे सांगत होता?"

"तुझ्यावरून."

"माझ्यावरून म्हणजे?"

"तुला जे आवडतं तिथं तू घाई करतेस. आवाज चढतो, वाक्य अर्धंच टाकतेस. जे आवडत नाही त्याला 'चांगलं आहे, सोबर आहे' म्हणतेस. वर्गात बोलल्यासारखं, नीट."

"आणि साड्या?"

"साड्यांतलं मला काय कळतं?" हे म्हणाले. "मी साड्यांकडे कधी बघितलं? मी तुझ्याकडे बघून सांगायचो."

कपाट तिथंच होतं, बंद. त्यातल्या सगळ्या साड्या एकदम डोळ्यांपुढून गेल्या. मंगळागौरीची, मुलीच्या बारशाची, निवृत्तीच्या दिवशी नेसलेली. म्हणजे त्या सगळ्या मीच निवडलेल्या! मैत्रिणींपुढे मी ह्यांच्या नजरेचे इतके गोडवे गायले होते. मला राग आला, मग तो कुठं गेला कळलं नाही. दुकानातल्या त्या मागच्या खुर्चीवर बसून हे इतकी वर्षं काय बघत होते, ते आत्ता समजलं.

तेवढ्यात फोन वाजला. रंगारी. मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. "अम्मा, चार दिन में रमजान है. मैं दुकान पे खडौं. अब बोलो, कौनसा डब्बा लाऊँ?"

"थांब," मी म्हटलं. "साब बोलते."

हे सवयीनं माझ्याकडे वळले. नवा डोळा माझ्या तोंडावर. "बोल की," हलकेच म्हणाले.

मला आकाशी हवा होता. पट्टी काढल्यापासून मला निळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. संध्याकाळच्या दिव्यात पिस्ता खुलतो ते ठीक, पण खोली आकाशीच व्हायला हवी होती, आभाळ घरात यायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. एक हुंकार पुरला असता. मी ओठ घट्ट मिटले आणि ह्यांना माझं तोंडही दिसू नये म्हणून खिडकीकडे वळून उभी राहिले.

फोनमधून दुकानातला गलका येत होता.

"पिस्ता," हे म्हणाले.

रंगाऱ्याला खात्री वाटेना. "पिस्ता? अम्मा बोले क्या, साब?"

मी मान वळवून बघितलं. ह्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हे भिंतीकडे बघत होते.

"नै मियाँ," हे म्हणाले. "मैं बोलरौं."

डोळ्यांना हात लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं होतं. तरी मी पदरानं दोन्ही पुसले, नवाही आणि जुनाही.